मोहल्ल्यात प्रचाराला जाताय? आधी मतदार यादी हातात घ्या

२०२४ च्या लोकसभेला परभणीत मी पहिल्यांदा एका उमेदवारासाठी दारोदार फिरले. माझ्या वाट्याला आला तो मुसलमानांचा एक जुना मोहल्ला आणि त्याला लागूनच असलेली बौद्ध वस्ती. प्रचार कचेरीतून दोनशे पत्रकं मिळाली, उर्दूत छापलेली. "वाटून या," एवढंच सांगितलं होतं.

पहिल्याच गल्लीत एका खालांनी (मावशींनी) पत्रक घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि बाजूला ठेवलं. मग फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. डब्यात प्लास्टिकची पिशवी, पिशवीला रबर, आत रेशनकार्ड, आधार आणि मतदार ओळखपत्र. कार्ड माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "बाजी, पैले मेरा नाव देख. पिछली बार वापस भेजे मेरेकू."

माझ्याकडे यादीच नव्हती. दुसऱ्या दिवशी यादी मिळवून गेले. त्यांच्या दोन मुलांची नावं होती. सहा वर्षांपूर्वी वारलेल्या नवऱ्याचं नावही होतं. त्यांचं नव्हतं.

मार्च सरत आला होता, उशीर झाला होता. त्या निवडणुकीत खालांना मत देता आलं नाही. हा लेख त्यासाठीच लिहिते आहे. तुम्ही कोणत्याही पक्षाचं काम करा, मराठवाड्यात अल्पसंख्याक वस्त्यांमध्ये फिरणार असाल तर मी जे अर्धवट आणि उशिरा शिकले ते तुम्हाला पहिल्या दिवशी माहीत असावं.

१. काम कुणाचं आणि किती, हे आधी ठरवून घ्या

उमेदवाराच्या कचेरीत जाऊन चार गोष्टी स्पष्ट विचारा: कोणता बूथ, कोणत्या गल्ल्या, अडचण आली तर फोन कुणाला करायचा आणि चहापाण्याचा, झेरॉक्सचा खर्च कोण करणार. खर्चाचा प्रश्न बारीक वाटतो, पण तो उमेदवाराच्या निवडणूक खर्चात धरावा लागतो. लोकसभेला ही मर्यादा आपल्या राज्यात ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख आहे. स्वतःच्या खिशातून परस्पर टोप्या, टी-शर्ट वाटू नका.

"एका वस्तीने काय फरक पडतो?" असं कुणी म्हटलं तर आपल्याकडचे आकडे सांगा. २०१९ ला औरंगाबाद लोकसभेचा निकाल ४,४९२ मतांनी लागला. २०२४ ला बीड लोकसभेचा ६,५५३ मतांनी, आणि त्याच वर्षी औरंगाबाद पूर्व विधानसभेचा २,१६१ मतांनी. काही मोहल्ल्यांतल्या मतांएवढाच हा फरक.

२. कायद्यातल्या या गोष्टी पाठ करा

सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. अल्पसंख्याक वस्तीत जायचं म्हटलं की कचेरीतलं कुणीतरी हमखास सुचवतं, "त्यांच्या धर्माच्या भाषेत बोला." नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) प्रमाणे धर्म, वंश, जात, जमात किंवा भाषेच्या आधारावर मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे. आधी वाद होता, की हा धर्म म्हणजे फक्त उमेदवाराचा की मतदाराचाही? २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने सांगितलं, मतदाराचाही. खटला आपल्याच राज्यातला, मुंबईच्या सांताक्रूझमधल्या १९९० च्या निवडणुकीचा होता. उमेदवाराच्या संमतीने त्याच्या कार्यकर्त्याने असं आवाहन केलं तरी निवडून आलेली जागा रद्द होऊ शकते. तुमच्या एका वाक्याची किंमत एवढी असू शकते.

मग बोलायचं काय? उर्दू शाळेला शिक्षक नाहीत, शिष्यवृत्ती अडकली आहे, कब्रस्तानाच्या रस्त्यावर दिवे नाहीत, वस्तीत नाली तुंबली आहे हे नागरिकांचे प्रश्न आहेत, ते बोला. "अमक्या धर्माचे म्हणून अमक्याला मत द्या" किंवा "तमक्याला दिलं तर तुमच्या धर्माचं काही खरं नाही" हे तोंडातून काढू नका.

बाकीचे नियम असे:

मशीद, दर्गा, बुद्धविहार, गुरुद्वारा, चर्च, मंदिर, कुठलंही प्रार्थनास्थळ प्रचारासाठी वापरायचं नाही. नमाजाला आलेल्या लोकांना मशिदीच्या दारात पत्रकं वाटणं हाही त्यातलाच प्रकार, आणि लोकांना ते आवडतही नाही. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता हवाच. नसेल तर ते पत्रक हातात धरू नका, मग कचेरीने दिलेलं असलं तरी. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. मतदान संपण्याच्या ४८ तास आधी जाहीर सभा, मिरवणुका बंद. मतदान केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार नाही. आणि मतदारांना केंद्रावर नेण्यासाठी पक्षाने रिक्षा किंवा जीप भाड्याने लावायची नाही. हा नियम आपल्याकडे सर्रास मोडला जातो, तुम्ही मोडू नका.

३. पिशवीत काय हवं

तुमच्या भागाची मतदार यादी, सगळ्या पुरवण्यांसह. पुरवणी नसलेली यादी फसवी, कारण नवी नावं आणि वगळलेली नावं तिथेच असतात. दोनशे पानी वही एक. निळा आणि लाल पेन. नमुना ६ (नाव नोंदणी) आणि नमुना ८ (दुरुस्ती, पत्ताबदल) चे कोरे अर्ज. चार्ज केलेला फोन, त्यात निवडणूक आयोगाचं मतदारांसाठीचं अॅप (२०२४ ला ते 'व्होटर हेल्पलाइन' होतं). बूथच्या बीएलओंचा, म्हणजे तिथल्या मतदार यादीचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांचा फोन नंबर. तुमचं स्वतःचं ओळखपत्र आणि कचेरीचं पत्र. पाण्याची बाटली. मार्च-एप्रिल असेल तर डोक्याला उपरणं किंवा स्कार्फ बांधल्याशिवाय निघू नका. परभणी-नांदेडचं ऊन काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको.

पत्रकं सगळ्यात शेवटी घ्या. आणि कोणत्या लिपीतली हवीत ते वस्तीत विचारून ठरवा. आमच्या मोहल्ल्यातली निम्मी तरुण पोरं मराठी शाळेत शिकलेली. उर्दू बोलायचे सगळे, वाचणारे मोजके निघाले.

४. 'अल्पसंख्याक' म्हणजे एकच कुणीतरी नव्हे

सरकारी भाषेत मुसलमान, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी हे १९९३ पासून आणि जैन २०१४ पासून राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक आहेत. पण नांदेडला सचखंड हुजूर साहिबच्या आसपास पिढ्यान् पिढ्या राहणारे दखनी शीख, जालन्याचा जैन व्यापारी आणि हिंगोलीच्या खेड्यातला, घरातसुद्धा मराठीच बोलणारा पिंजारी मुसलमान यांना एका पत्रकात बसवता येत नाही.

मुसलमान मोहल्ल्यातही बागवान, कुरेशी, तांबोळी, अत्तार, मणियार, मोमीन अशा बिरादऱ्या आहेत, धंदे वेगळे आणि अडचणी वेगळ्या. बागवानाला भाजी मंडईच्या गाळ्याची चिंता, तर मजुरी करणाऱ्याला रोजंदारीची. बीडच्या बाजूला ऊसतोडीला जाणारे मुसलमान कुटुंबही भेटतं. ते दिवाळीनंतर गावात नसतं, म्हणजे हिवाळ्यातल्या निवडणुकीत तुमच्या यादीवरची ती नावं कारखान्याच्या फडात असतात.

बौद्ध वस्तीत जाताना हे लक्षात ठेवा, की हे मतदार अल्पसंख्याकही आहेत आणि १९९० पासून अनुसूचित जातीच्या सवलतींमध्येही आहेत. त्यांचे प्रश्न त्या दोन्ही बाजूंनी येतात. तिथे मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा काळ पाहिलेली माणसं आहेत. १९७८ ला ठराव झाल्यावर वस्त्या कशा जळाल्या ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचं नाव बदललं तेही. "बाबासाहेबांनी आम्हाला मत दिलंय, ते कुणाला द्यायचं ते तू नको सांगू," असं मला एका आजींनी सरळ ऐकवलं, आणि मग चहाही दिला.

आणखी एक. १७ सप्टेंबर हा आपला मुक्तिदिन, आपल्याला त्याचा अभिमान आहे. पण १९४८ च्या त्या दिवसांत काही मुसलमान घरांनी माणसं गमावली. निजामाचा, रझाकारांचा विषय काढून कुणाच्या निष्ठेची परीक्षा घेऊ नका. दार उघडणारी बाई त्या वेळी जन्मलीही नव्हती.

५. यादीचं काम: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

घरात गेल्यावर पहिला प्रश्न, "घरात अठराच्या वरचे किती?" मग प्रत्येकाचं नाव यादीत शोधा. सापडलं तर भाग क्रमांक आणि अनुक्रमांक त्यांना कागदावर लिहून द्या. सापडलं नाही तर वहीत लाल पेनने नोंद.

लोकांचा पक्का समज असतो, की कार्ड आहे म्हणजे मत आहे. तसं नाही. यादीत नाव नसेल तर कार्ड दाखवूनही मत देता येत नाही. उलट यादीत नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल, तर आधार, पॅन, वाहन परवाना, फोटो असलेलं बँक पासबुक, मनरेगा जॉबकार्ड, पासपोर्ट अशा मान्य ओळखपत्रांपैकी एक चालतं. हे वाक्य मी दिवसातून तीस वेळा बोलत असेन.

मोहल्ल्यात नाव शोधणं ही एक वेगळीच विद्या आहे. मराठवाड्यात मुसलमानांची नावं 'शेख अमुक शेख तमुक' अशी लिहिली जातात, म्हणजे आडनाव दोनदा, आधी स्वतःच्या नावाला आणि मग वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या. आधारवर तेच नाव उलट्या क्रमाने, शाळेच्या दाखल्यावर तिसऱ्या तऱ्हेने. बाईचं नाव कार्डावर 'शबाना बी', यादीत 'शबाना बेगम', आधारवर 'शबाना परवीन'. फातिमा कुठे फातेमा, कुठे फातमा. सय्यद, सैय्यद, सैयद तिन्ही सापडतात. म्हणून संगणकावर नावाने शोधून "नाही" आलं, की लगेच माणसाला "तुमचं नाव नाही" असं सांगू नका. आधी ओळखपत्र क्रमांकाने शोधा. तो तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकड्यांचा असतो. जुन्या कार्डावर 'एमटी' पासून सुरू होणारा, तिरप्या रेघांचा लांब नंबर दिसला तर त्याने शोधून बहुधा काही मिळणार नाही. अशा वेळी यादीत घराघराने बोट फिरवत जा. नवऱ्याचं नाव सापडलं की त्याच्या वर-खाली पाहा, शेजाऱ्याच्या घर क्रमांकाखालीही पाहा. एका कुटुंबातली माणसं दोन भागांत विभागली गेलेली मी कितीतरी पाहिली.

खरंच नाव नसेल तर पुढे असं करा.

नाव पूर्वी कधीच नव्हतं किंवा वगळलं गेलं असेल तर नमुना ६. सोबत फोटो, जन्मतारखेचा एक पुरावा (जन्म दाखला, दहावी-बारावीचं गुणपत्रक, आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट यांपैकी) आणि पत्त्याचा एक पुरावा (आधार, चालू बँक पासबुक, वीज-पाणी-गॅसचं बिल, नोंदणीकृत भाडेकरार यांपैकी). भाड्याने राहणाऱ्यांकडे वीजबिल घरमालकाच्या नावाचं असतं. त्यांच्यासाठी बँकेचं पासबुक सगळ्यात सोपं.

नाव चुकलंय, पत्ता बदललाय, कार्ड नवं हवंय तर नमुना ८. लग्न होऊन सासरी आलेल्या मुलींसाठी हाच अर्ज, कारण त्यांचं नाव माहेरच्या यादीत असतं. बहुतेक जण इथे चुकतात. घाईघाईत सासरी नवा नमुना ६ भरतात आणि एकाच बाईची दोन नावं होतात. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्यात बसत नाही, आणि नमुना ६ मध्ये खोटं प्रतिज्ञापत्र दिलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. अर्ज भरणाऱ्या बाईला हे माहीत नसतं. माहीत असायला हवं ते तुम्हाला.

नमुना ७ हा नाव वगळण्याचा किंवा नावावर हरकत घेण्याचा. मृत व्यक्तींसाठी तो घरच्यांकडून भरून घेता येतो. पण कुणी गठ्ठ्याने नमुना ७ भरून वस्तीतली नावं "स्थलांतरित" म्हणून उडवू पाहत असेल तर बीएलओ आणि तहसील कार्यालयात लेखी विचारा. नाव वगळण्याआधी मतदाराला नोटीस मिळायला हवी. खालांचं नाव असंच गेलं असावं. त्या दोन महिने लेकीकडे होत्या, दाराला कुलूप.

अठरा वर्षं पूर्ण झाल्याचा हिशेब आता वर्षातून चार तारखांना होतो: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेली मुलं आगाऊ अर्ज करू शकतात. कॉलेजची मुलं हे ऐकून खूश होतात, आणि नंतर तीच घरातल्या मोठ्यांची नावं शोधून देतात. त्यांना सोबत घ्या.

मुदतीचं गणित: उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत नावं चढतात, पण हरकतींसाठी आठवडा लागतो. म्हणून तुमचा अर्ज त्या तारखेच्या किमान दहा दिवस आधी पोहोचायला हवा. परभणीत २०२४ ला उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख ४ एप्रिल होती. म्हणजे २५ मार्चनंतरची धावपळ वाया, आणि आचारसंहिता तर १६ मार्चला लागली होती. सांगायचं हे, की यादीचं काम निवडणूक जाहीर झाल्यावर करायचं नसतं. तीन-चार महिने आधी सुरू करा.

अर्ज शक्यतो मतदाराच्या स्वतःच्या फोनवरून, त्याच्या समोर बसून भरा. अर्जाचा क्रमांक त्याच्याच कागदावर लिहा. बीएलओ बहुधा अंगणवाडी ताई किंवा जिल्हा परिषदेचे गुरुजी असतात, त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर असतो. त्यांच्याशी नीट बोला. मी एकदा तावातावाने बोलले आणि पुढचे आठ दिवस माझा फोन उचलला गेला नाही. काही अडलं तर १९५० हा मदत क्रमांक आहे.

६. दार कधी वाजवायचं

त्या वर्षी प्रचार आणि रमजान एकाच वेळी आले. ११ एप्रिलला ईद, १४ ला आंबेडकर जयंती, १७ ला रामनवमी, २६ ला मतदान. सकाळी सात वाजता मोहल्ल्यात गेले तर गल्ली झोपलेली, कारण सहरीला, म्हणजे रोज्याआधी पहाटे जेवायला उठलेले लोक पुन्हा पडलेले असतात. संध्याकाळी पाचनंतर घराघरात इफ्तारीची तयारी. मग वेळ उरते ती सकाळी साडेदहा ते बारा, आणि पुरुषांसाठी रात्री तरावीहनंतर (रमजानमधल्या रात्रीच्या नमाजानंतर) चहाच्या टपरीवर. इफ्तारला बोलावलं तर जा, खजूर खा, गप्पा मारा, पण तिथे पत्रक काढू नका. बौद्ध वस्तीत जयंतीच्या आठवड्यात सगळी पोरं मिरवणुकीच्या तयारीत असतात; त्या दिवसांत नाव शोधायला बसाल तर कुणी जागेवर थांबणार नाही.

पाण्याचा दिवस माहीत करून घ्या. आपल्या शहरांत नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी त्या गल्लीतली एकही बाई तुमच्याशी बोलणार नाही, आणि बोलू पण नये. पिंप, हंडे, बादल्या, मोटारीची घरघर, त्यात तुम्ही "नमस्कार, दोन मिनिटं" म्हणत उभे. मी उभी राहिले आहे.

बायकांशी बोलायला बाई कार्यकर्ती हवीच. पुरुष दारात थांबतील, बाई आत ओट्यापर्यंत जाऊ शकते. घरातल्या पुरुषाला विचारून "सगळे आमच्यासोबत" अशी वहीत खूण करून निघालात, तर घरातल्या तीन मतदारांशी तुम्ही बोललाच नाहीत. मोठ्या बायकांना खाला, आपा. बौद्ध वस्तीत मावशी, आई. हे तोंडात आपोआप यायला हवं. सलाम किंवा जय भीम मनापासून येत असेल तर म्हणा, नाहीतर साधा नमस्कार केला तरी कुणी वाईट वाटून घेत नाही.

सुरुवात उमेदवाराच्या नावाने करू नका. "यादी आणलीय, नावं बघायची का?" एवढं म्हणा. पाच मिनिटांत आतून सतरंजी येते. नावं बघून झाल्यावर बाईच विचारते, "कोण पार्टी का काम करते तुम?" मग सांगा, लपवू नका. आणि मग जे येईल ते ऐकून घ्या. "पाच साल कोई आया नै" हे वाक्य तर येणारच. त्याला उत्तर देऊ नका, कारण ते खरं असतं. लिहून घ्या: कोणती गल्ली, कोणती अडचण, कधीपासून.

आश्वासन तुमच्या हातातलं तेवढंच द्या. "उद्या अर्जाची झेरॉक्स आणून देते" हे आश्वासन. "रस्ता होऊन जाईल" हे नव्हे.

७. वहीची काळजी

आधारचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये साठवू नका. कुणाच्या घरात कोणाकडे कल आहे, कुणाचा नंबर काय, याच्या याद्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. अल्पसंख्याक वस्तीतल्या माणसाला आपलं नाव एखाद्या यादीत फिरतंय याची भीती तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त वाटते आणि तिला कारणं आहेत. नाव नोंदणीचा आणि नागरिकत्वाचा संबंध काय, असं मला कितीतरी घरांत विचारलं गेलं. धीराने सांगा: हा फक्त मतदार यादीचा अर्ज आहे, इथे सही करायच्या आधी घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या, मी थांबते.

८. "आमच्याकडे पाचशे मतं आहेत" म्हणणारे

प्रत्येक मोहल्ल्यात, प्रत्येक वस्तीत एखादा माणूस भेटतो. पांढरे कपडे, दोन फोन. तो सांगतो, "गल्ल्या फिरू नका, मला सांगा, पेटी तुमची." कचेरीतल्या लोकांना हा माणूस फार आवडतो, कारण तो त्यांची मेहनत वाचवतो. माझा अनुभव असा, की त्याची स्वतःच्या घरातली मतंही त्याच्या शब्दावर पडतील याची खात्री नसते. पैशाचा विषय निघाला तर तिथून उठा. लाच देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे, आणि ज्या वस्तीत पैसे वाटले जातात तिथल्या लोकांना पुढची पाच वर्षं "तुम्ही तर घेतले होते" असं ऐकावं लागतं. असं काही डोळ्यांसमोर घडलं तर निवडणूक आयोगाच्या अॅपवर (२०२४ ला ते सी-व्हिजिल होतं) फोटो काढून तक्रार करता येते.

मशिदीचा कारभार पाहणारे मुतवल्ली, नमाज पढवणारे पेशइमाम, विहारातले भंतेजी, मोहल्ल्यातले डॉक्टर, शाळेतले गुरुजी यांना जरूर भेटा. मान द्या, वस्तीत फिरतोय हे कानावर घाला. पण तुमच्या बाजूने आवाहन करा असं सांगू नका. दोन नंबरच्या मुद्द्यात कारण सांगितलं आहेच.

९. मतदानाचा दिवस

उमेदवाराचा एजंट म्हणून मतदान केंद्राच्या आत बसणार असाल तर नमुना १० वर उमेदवाराची किंवा निवडणूक प्रतिनिधीची सही आदल्या दिवशीच घ्या. मतदान सातला सुरू होतं, पण अभिरूप मतदान (यंत्र तपासायचं चाचणी मतदान) दीड तास आधी असतं, म्हणजे साडेपाचला केंद्रावर. डबा, पाणी, यादी सोबत. दिवस संपल्यावर केंद्राध्यक्षांकडून नमुना १७ सी ची प्रत घेतल्याशिवाय निघू नका. त्यात किती मतं नोंदली गेली ते लिहिलेलं असतं.

बाहेर टेबलावर असाल तर चिठ्ठ्या पांढऱ्या कोऱ्या कागदावर हव्यात. त्यावर मतदाराचं नाव, भाग आणि अनुक्रमांक लिहा. उमेदवाराचं नाव नको, चिन्ह नको. आणि ही चिठ्ठी म्हणजे ओळखपत्र नव्हे हे प्रत्येकाला सांगा.

२६ एप्रिल २०२४ ला शुक्रवार होता. जुम्म्याच्या नमाजाची वेळ आणि परभणीचं दुपारचं ऊन एकाच वेळी. आम्ही आदल्या रात्री गल्लीवार ठरवलं: बायका सात ते दहा, तेवढा वेळ लेकरं पुरुषांनी सांभाळायची, पुरुष नमाजानंतर. पहिल्यांदा ऐकताना पुरुष हसले, पण सकाळी आठला रांगेत बुरखेच बुरखे होते. बुरखा घातलेल्या बायकांची ओळख पटवायला महिला कर्मचारी आणि आडोसा असायला हवा, ही आयोगाचीच सूचना आहे. तशी सोय नसेल तर केंद्राध्यक्षांना शांतपणे सांगा. तिथे आवाज चढवलात तर रांगेतल्या बायका घरी निघून जातात.

आत अडचण आली तर या तीन गोष्टी मतदाराला माहीत हव्यात. "तुमचं मत आधीच पडलंय" असं सांगितलं आणि ते खरं नसेल, तर परत यायचं नाही. कागदी मतपत्रिकेवर प्रदत्त मत मागायचं. डोळ्यांनी दिसत नसेल किंवा अशक्तपणामुळे बटण दाबता येत नसेल तर अठरा वर्षांवरचा सोबती आत नेता येतो. आणि संध्याकाळी सहाच्या आधी रांगेत उभं राहिलेल्या प्रत्येकाला मत देऊ द्यावंच लागतं, मग रात्र झाली तरी.

८५ वर्षांवरचे आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेले यांना घरबसल्या मत देता येतं, पण त्यासाठी अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२ डी भरावा लागतो. दारोदार फिरतानाच अशा घरांवर खूण करून ठेवा, नंतर वेळ मिळत नाही.

१०. निकालानंतर

निकाल काहीही लागो, आठ दिवसांत त्याच गल्ल्यांतून एक फेरी मारा. लाल पेनने लिहिलेली नावं वहीत तशीच असतात. माझ्या वहीत त्रेचाळीस होती. जून-जुलैत रोज संध्याकाळी दोन-तीन घरं करत त्यांचे अर्ज भरले. त्यात चार जण शहर सोडून गेलेले निघाले, एक वारले. एकीचं नाव माहेरी जिंतूरला सापडलं, तिचा नमुना ८ भरला. खालांचा नमुना ६ पहिल्या फेरीत परत आला, फोटो अस्पष्ट म्हणून. स्टुडिओत नेऊन नवा काढला, अर्ज पुन्हा भरला.

२० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. आदल्या संध्याकाळी चिठ्ठ्या वाटत त्यांच्या दारात गेले तर डबा आधीच बाहेर काढून ठेवलेला. नवं कार्ड त्यात, जुनंही त्यात. चिठ्ठीवरचा अनुक्रमांक मी वाचून दाखवला, मग नातवाकडून त्यांनी तो पुन्हा वाचून घेतला आणि विचारलं, "शेजारच्या सुनेचं राहिलंय, ती यंदा अठराची झाली. तिचं कधी करायचं?" मी वहीचं नवं पान काढलं. १ जानेवारीची तारीख जवळच होती.